ढिल्या पट्ट्याचं गाणं

यंदाच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, बेसा इथल्या एका मंगल कार्यालयाच्या फाटकासमोर वरातीतला डीजे बंद करण्यात आला. तो चार मिनिटं बंद होता. त्या वेळात वधूचे आजोबा, जुने बँडवाले देवाजी मास्तर यांनी क्लॅरनेटवर एक गाणं वाजवलं. नंतर डीजे पुन्हा सुरू झाला.

नागपुरात लग्नसराई उन्हासोबत येते. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका झाल्या की गाड्यांवर चढवलेले डीजेचे काळे खोके खाली उतरतच नाहीत. सरळ लग्नांकडे वळतात. धरमपेठेत मी राहतो त्या रस्त्यावरून रोज एक तरी वरात जाते. गाडी दिसण्याआधी तिची चाहूल लागते. कूलरच्या टाकीतलं पाणी थरथरतं, मग खिडकीच्या काचा, मग कपाटातल्या वाट्या. छातीत काहीतरी आपटत राहतं. गाणं सगळ्यात शेवटी ऐकू येतं.

एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केल्यामुळे तक्रार करायची तर आधी मोजून घ्यायची सवय आहे. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी मी घड्याळ घेऊन खिडकीत बसलो. वरात एकोणीस मिनिटं आमच्या रस्त्यावर होती. त्यात अकरा गाणी वाजली. एकाही गाण्याचा दुसरा अंतरा वाजला नाही. सात गाण्यांत गाणारा गात नव्हता, तालावर बोलत होता. तीन गाणी जुनी होती, माझ्या शाळेच्या दिवसांतली. पण तीही धावत होती, पोलीस मागे लागल्यासारखी. उरलेलं एक कसं होतं ते मला आठवत नाही, आणि ही नोंद त्याच रात्री केलेली आहे.

नवीन गाण्यांबद्दल माझ्या वयाच्या माणसाने कुरकुर करावी, हे अपेक्षितच असतं. म्हणून मी माझं मत बाजूला ठेवतो. देवाजी मास्तरांची कसोटी माझ्या मतापेक्षा जास्त भरवशाची आहे. शब्द काढून टाकले तरी जे उभं राहतं ते गाणं, अशी ती कसोटी. क्लॅरनेटला शब्द नसतात. बँडवाल्याला गाण्यातलं फक्त गाणंच हाती लागतं.

मार्चमध्ये मी बेसाला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो, तेव्हा त्यांची नात प्रज्ञा त्यांना स्वतःच्या लग्नात वाजणारं गाणं फोनवर ऐकवत होती. मास्तरांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "याच्यात वाजवाले काय हाय वं? एकाच सुरावर बोलून राह्यला थो. हे म्या क्लॅरनेटवर वाजवलं तं लोकं म्हनतीन, मास्तरले ढेकर येऊन राह्यले."

प्रज्ञा हसली. ती बँकेत आहे, बोलण्यात कोणाला ऐकत नाही. "आबाजी, हे गानं ऐकाचं नसते. याच्यावर नाचाचं असते."

"मंग ढोल पुरते ना. गानारा काहून पाह्यजे?"

"तुमच्या गान्यात रडालेच जास्त टाइम जाये."

"रडाले नाही. चालाले."

मास्तरांच्या या उत्तराचा अर्थ तिला कळला नसावा. मला कळला, कारण मी ती चाल पाहिलेली आहे.

सातवीची परीक्षा संपली तो उन्हाळा. आमच्या घरामागच्या गल्लीत एक टिनाचं छत असलेली खोली मास्तरांच्या बँडने भाड्याने घेतली होती. मास्तर तेव्हा तिशीच्या आतले, पण मास्तर हे नाव त्यांना लागलेलंच होतं. संध्याकाळी लग्नं असत, म्हणून गाणी बसवण्याचं काम भर दुपारी चाले. टिनावर ओली पोती टाकलेली. त्यातून वाफ निघे. पितळी बाजे तापून हात लावू देत नसत. वाजवणारे त्यांना ओल्या फडक्याने धरत. भिंतीवर लाल कोट वाळत घातलेले, खांद्यांवर सोनेरी झालरी, आत माणसं नाहीत. गल्लीभर तापलेलं पितळ, घाम आणि घरमालकाच्या कूलरमधल्या वाळ्याचा वास.

खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवलेला असे. दुपारभर त्यावर ऊन येई. मास्तर कॅसेटचा एक तुकडा ऐकत, टेप बंद करत, क्लॅरनेटवर तो तुकडा वाजवून पाहत, कॅसेट मागे फिरवत, पुन्हा ऐकत. एका गाण्याला आठ दिवस लागत. आम्ही मुलं दारात उकिडवी बसून असायचो, आणि त्यामुळे गाणं आम्हाला अख्खं असं भेटलंच नाही. ते ओळीओळीने, घरासारखं बांधलं जाताना दिसलं. आज माझ्या फोनमध्ये लाखो गाणी आहेत असं सांगतात. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे सहा होती. त्या सहांमधला कुठला सूर कुठे वाकतो, हे मला अजून सांगता येतं.

बँडवाले गाण्याला त्याच्या नावाने ओळखत नसत. ज्या गावच्या लग्नात ते पहिल्यांदा रंगलं त्या गावाचं नाव त्याला मिळे. काटोलवाली, सावनेरवाली, रामटेकवाली. वरातीत मास्तर मागे वळून ओरडत, "काटोलवाली घे!" आणि पुढल्या क्षणी ती सुरू होई. सिनेमा कुठला, गायलं कोणी, याची चौकशी कोणी करत नसे.

नरखेडवाली जन्मली तेव्हा मी तिथे होतो. माझ्या काकाचं लग्न नरखेड तालुक्यातल्या एका गावात होतं. बँड आमच्यासोबतच एसटीने गेला, बाजे टपावर बांधून. मेचा महिना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा ताणावर सोडलेल्या होत्या. पावसाआधी महिनाभर झाडांचं पाणी तोडतात, म्हणजे पुढे पाऊस लागला की बहार फुटतो. पानं हातासारखी खाली लोंबत होती. शहरातल्या आम्हा मुलांना वाटलं, बागा मेल्या.

दिवस मावळता मावळता वरात शाळेपासून निघाली. मास्तरांनी त्या हंगामातलं सहावं गाणं काढलं. ते संथ होतं. इतकं संथ की नाचायला पुढे आलेले काकाचे मित्र आधी गोंधळले. मग बायका पुढे आल्या. मग एरवी वरातीच्या कडेने चालणारी म्हातारी माणसं. त्या गाण्यावर उडी मारता येत नव्हती. पाय उचलला की तो ठेवायला भरपूर वेळ मिळे. चालता येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर नाचता येत होतं.

माझे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. खिशाला लाल शाईचं पेन. घरी आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा ते आधी दुरुस्त करत आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवत. काकाच्या पत्रिकेत त्यांना चार चुका सापडल्या होत्या, आणि पत्रिका त्यांनी स्वतःच छापून आणली असल्यामुळे ते दोन दिवस कोणाशी बोलत नव्हते. विहिरीच्या वळणावर त्यांनी चष्मा काढला, माझ्या हातात दिला आणि वरातीत शिरले. दोन्ही हात खांद्याच्या वर. अंतरा संपताना मास्तर एक सूर लांबवर धरून ठेवत. तो सुटेपर्यंत वडिलांचे हात तसेच वर राहिले होते. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. ते हसत होते.

त्याआधी किंवा त्यानंतर त्यांना कोणी नाचताना पाहिलेलं नाही. याची खात्री मी पुढे आईकडून आणि काकाकडून वेगवेगळी करून घेतली. दुसऱ्या दिवशी आईने छेडलं तेव्हा ते म्हणाले, "गाणं संपतच नव्हतं, मी तरी काय करू?"

वडील जाऊन सतरा वर्षं झाली. त्यांचे फोटो आहेत, सगळे चष्म्यासकट.

नागपूरला परत आल्यावर ते गाणं मी पानठेल्यावरच्या रेडिओवर ऐकलं, तेव्हा ते वेगात होतं. मी जाऊन मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "रेडिओवाल्याइले मंधात बातम्या लावा लागते ना बाबू. म्हनून गानं पळवते थे." मला हे पटलं. पुढची कित्येक वर्षं, स्वतः बातम्यांच्या धंद्यात पडल्यानंतरही, मी त्यावर पुन्हा विचार केला नाही. रेडिओवर ते गाणं लागलं की मला वाटे, पळवतायत.

गेल्या हिवाळ्यात फोनवर ते लागलं तेव्हा मात्र डेस्कची सवय जागी झाली. आता मध्ये बातम्या नव्हत्या. मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी ते ऐकलं, तिन्ही सारखी. जुन्या तबकड्या जमवणारा एक मित्र आहे, त्याच्याकडे मूळ तबकडी होती. तीही तशीच. तीन मिनिटं बारा सेकंद. गाणं कोणी पळवलेलं नव्हतं. आमच्या गल्लीतच ते हळू झालं होतं.

मूळ गाणं मी नीट बसून ऐकलं. चांगलं आहे. त्या काळात ते का गाजलं असेल हे कळतं. पण मला ते आवडलं नाही. घाई वाटली, थोडं उथळही वाटलं. धरून ठेवलेला तो सूर त्यात येतो आणि लगेच निघून जातो. नव्या गाण्यांवर माझे जे जे आक्षेप होते, त्यांतले दोन-तीन या जुन्या गाण्यालाही लागू पडत होते. ही गोष्ट मला बरी वाटली नाही. इतकी वर्षं मी नव्या गाण्यांना ज्या मापाने मोजत आलो, ते माप बाजारात कधी नव्हतंच. एका उन्हाळ्यात, एका टिनाच्या खोलीत ते तयार झालं, आणि त्या क्लॅरनेटपलीकडे ते कुठेही नाही.

म्हणून मार्चमध्ये मी बेसाला गेलो होतो. बँड बंद होऊन बारा वर्षं झाली होती, पण मास्तर घरी वाजवत असत. फोनवर ते म्हणाले होते, "ये लवकर. दात चाल्ले माहे."

क्लॅरनेटचं तोंड वरच्या दातांखाली धरावं लागतं. दात गेले की पकड जाते. मास्तरांचे वरचे पुढचे चार हलत होते. डॉक्टरांनी ते काढायचे ठरवून प्रज्ञाच्या लग्नानंतरचा सोमवार दिला होता. कवळीने वाजतं का, असं मी विचारलं.

"कवळी लावून भाकर खाता येते. सूर नाही पकडता येत," मास्तर म्हणाले. "लग्नात एक गानं वाजवतो. मंग डब्बा बंद."

"आबाजी, मी नवरदेवाकडच्याइले सांगून ठेवलं," प्रज्ञा म्हणाली. "फाटकापाशी डीजे बंद करतीन थे. चार मिनिटं."

"चार मिनिटं! लयच मोठं मन हाय त्याइचं."

"मास्तर, नरखेडवाली वाजवा," मी म्हणालो. "मी रेकॉर्ड करून घेतो."

त्यांचा चेहरा उजळला. "काकाच्या लग्नातली! तुहा बाप नाचला होता बे तिच्यावर. मले आठवते. चष्मा काढून."

इथे मी थांबायला हवं होतं. पण एक गोष्ट शोधून, तीन ठिकाणी पडताळून मी सोबत आणली होती, आणि ती मला सांगायची होती. मी फोन काढला आणि मूळ गाणं लावलं. म्हणालो, "मास्तर, गंमत ऐका. खरं गाणं असं आहे. तुमचं याच्यापेक्षा हळू आहे, सूरही खालचा आहे. तुमचा टेप हळू चालत असणार."

मास्तरांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. गुडघ्यावर बोटं क्लॅरनेटच्या भोकांवर पडावीत तशी पडत होती. मागे पडत होती.

"पट्टा," ते म्हणाले. "टेपातला रबरी पट्टा. उन्हानं ढिला झाला असन." मग म्हणाले, "पुढल्या सालच्या उन्हाळ्यात म्या सीताबर्डीवरून नवा पट्टा आनला होता. लावला तं सारे गाने पळाले लागले. मले वाटलं, पट्टाच खराब हाय. वापस केला ना बे म्या थो. दुकानदारासोबत भांडलो. म्हटलं, मले शिकवतं काय? मी मास्तर हावो."

प्रज्ञा खो खो हसत सुटली. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत.

"म्हंजे इतके सालं चुकीचंच वाजवलं म्या?" त्यांनी मला विचारलं.

याला अनेक उत्तरं होती. मी म्हणालो, "मूळच्या मानाने पाहिलं तर, हो."

ते नुसतं "अस्सं" म्हणाले. प्रज्ञाने चहा आणला. विषय कार्यालयाच्या भाड्यावर गेला.

लग्नाच्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर होता. संध्याकाळी सातलाही डांबर बुटाला चिकटत होतं. कार्यालयात बुद्धवंदनेची तयारी झालेली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं खुर्च्यांवर पत्रिकेने वारा घेत होती. वरातीचा आवाज चौकातून येऊ लागला तसा फाटकाशेजारचा टिनाचा फलक थरथरायला लागला. मास्तर फाटकात उभे होते. पांढरा सदरा, आणि त्यावर जुना लाल कोट. खांद्यावरची सुटलेली एक झालर प्रज्ञाने लग्नाच्या सकाळी शिवून दिली असं नंतर कळलं.

ठरल्याप्रमाणे डीजे थांबला. त्याच्या नंतरची शांतता कानाला दुखली. वरातीतली पोरं उड्या मारता मारता जागीच थांबली. कोणीतरी म्हणालं, "काय झालं बे, लाइट गेली काय?" मास्तरांनी क्लॅरनेटची पत्ती ओठांनी ओली केली. मी फोन वर धरला.

पहिली ओळ ओळखीची होती. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं.

ते मूळ गाणं वाजवत होते. मूळच्या वेगात, मूळच्या सुरात. बोटं जराही मागे पडत नव्हती. हे गाणं डीजेवर नेहमी वाजतं, त्यामुळे पोरांनी ते लगेच ओळखलं. शिट्ट्या झाल्या. नवरदेवाचे मित्र नाचायला लागले, मास्तरांभोवती रिंगण झालं. खुर्च्यांवरची म्हातारी माणसं उठून फाटकापर्यंत आली आणि तिथे उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मी अंतऱ्याच्या शेवटची वाट पाहत होतो. तो सूर आला आणि गेला.

मास्तरांनी एकही चूक केली नाही.

गाणं संपल्यावर नवरदेवाने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मास्तर रिंगणातून वाट काढत माझ्याकडे आले. ओठाच्या कडेला थोडं रक्त होतं. ते त्यांनी रुमालाने पुसलं.

"आता झालं ना बरोबर?" त्यांनी विचारलं. "फोनसंग लावून पाह्य. एका मात्रेचा फरक निंघाचा नाही."

"बरोबर झालं, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप दिली. "तू सांगतलं म्हनून. नाही तं तसंच चुकीचं घेऊन गेलो असतो."

डीजे सुरू झाला. पुढचं काही ऐकू आलं नाही.

जेवणाच्या वेळी प्रज्ञा भेटायला आली. नऊवारी नाही, पांढरी साडी, मेंदी कोपरापर्यंत. "काका, तुमी सांगून गेले तेव्हापासून रोज दुपारी फोन लावून बसत आबाजी. दोन महिने. दात दुखे, तरी बसत. आई ओरडे. मी म्हटलं, वाजवू दे." मग तिचं लक्ष मागे गेलं. हॉलमध्ये तिचं गाणं लागलं होतं, मार्चमध्ये तिने मास्तरांना ऐकवलेलं. एकाच सुरावर बोलणारं. ती वळून नवऱ्याकडे गेली, आणि जाताना तिचे डोळे भरलेले मी पाहिले. त्या गाण्यात तिला काय ऐकू येतं हे मी विचारलेलं नाही. मला ते ऐकू आलं नाही.

बँडमधले बाकीचे कुठे आहेत याची मी नंतर चौकशी केली. ढोलवाले आणि झांजवाले वारले. दुसरे क्लॅरनेटवाले काटोलला असतात; त्यांना नरखेडवाली हे नाव आठवतं, चाल आठवत नाही. बँडची स्वतःची एकही ध्वनिफीत नाही. काकाच्या लग्नात फोटोग्राफर होता, त्याने वडिलांचा फोटो काढला नव्हता. टेपरेकॉर्डर खोली सोडताना भंगारात गेला, पट्ट्यासकट.

फोनमधलं रेकॉर्डिंग मी मूळ गाण्याशी ताडून पाहिलं. ते तीन मिनिटं बारा सेकंदांचं आहे.

सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता मास्तरांचे वरचे चार दात काढण्यात आले.